लग्नसराई संपली, ट्रम्पेट खुंटीला

प्रश्न : आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या बँड पार्टीत मी ट्रम्पेट वाजवतो. मोबाइलवर जाझ ऐकून वेड लागलं. पण आता रोज तेच पलटे घोटून कंटाळा आलाय. काय करू?

उत्तर : कंटाळा मलाही यायचा, बाप्पा! ३० वर्षं वरातीत क्लॅरिनेट फुंकलं आहे मी. महिनाभर एकच चीज धरा : अमेरिकन जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधली पहिली, ‘सो व्हॉट’. साचा ३२ बारांचा, बार म्हणजे इथं चार मात्रांचा तुकडा. १६ बार एका सुरावर, ८ बार अर्धा सूर वर, मग ८ बार परत खाली. डोरियन म्हणतात ती सुरावट म्हणजे आपला काफी थाट, गंधार-निषाद कोमल. रेकॉर्डवरचा सा ‘डी’ आहे, तो तुमच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटवर ‘ई’च्या बोटांनी निघेल, कारण हा ट्रम्पेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजतो. इथंच मी आठ दिवस फसलो होतो, अन् दोष देत होतो क्लॅरिनेटच्या रीडला, म्हणजे फुंकायच्या पट्टीला!

‘सो व्हॉट’मध्ये बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, विचारतो, बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. मला तर तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनंच आठवली. एकानं ओळ टाकायची, मंडळानं झेलायची. तेव्हा गावच्या भजनी मंडळात जाऊन बसा. ओळ संपली की फक्त तीन सुरांत उत्तर द्या, चौथा नाही. म्हातारी मंडळी कुरकुरतील. ट्रम्पेटच्या भोंग्यात दुपट्टा कोंबा, मग बसू देतील.