फ्लॅटच्या बाल्कनीत गांडूळ खताचा डबा ठेवता येतो का? वास येतो का, आणि गांडुळं मरतात ती कशानं?

ठेवता येतो. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर माझा डबा सहा वर्षं चालू आहे. वास म्हणाल तर पहिल्या पावसात मातीला येतो तेवढाच. आंबूस वास सुटला तर आत पाणी जास्त झालंय, एवढंच समजायचं. मूठभर माल घट्ट पिळून बघा. एखाद-दुसरा थेंब सुटला तर ठीक. धार लागली तर फाडलेलं वर्तमानपत्र किंवा अंड्यांच्या ट्रेचे तुकडे मिसळा आणि दोन दिवस काही घालू नका.

कुंडीतली गांडुळं उचलून आणू नका. ती माती खाणारी, कचऱ्यात टिकत नाहीत. आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस जातीची पाव किलो विकत घ्या. खोल बादलीपेक्षा पसरट टब बरा, तळाला आणि बाजूंना भोकं पाडलेला. खाली भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि जुनं, थंड झालेलं शेण. ताजं शेण तापतं, तिथेच पहिला घात होतो.

पाव किलो गांडुळं रुळली की दिवसाला साधारण शंभर ग्रॅम फस्त करतात. सुरुवातीला त्याच्या निम्मंच द्या. भाज्यांची देठं, केळ्याची सालं बारीक चिरून, चहाचा चोथा धुऊन (साखरेला मुंग्या येतात). लिंबाची सालं, कांदा-लसूण, उरलेली आमटी, लोणच्याच्या फोडी नकोत. टबाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आपण दुधाचं पातेलं परातीत ठेवतो तसे.

गांडुळं उपाशी क्वचितच मरतात, आपल्या लाडानं मरतात. दुसऱ्या वर्षी गणपतीचं सगळं निर्माल्य, दुर्वा, झेंडू, एकाच दिवशी मी डब्यात कोंबलं. वाटलं, पुण्यही आणि खतही. सकाळी आईनं हाक मारली, "अगं, तुझी माणसं बाहेर आलीत!" झाकणाच्या आतल्या बाजूला गुंता, फरशीवर वीस-पंचवीस वळवळतायत. हात घातला तर मधला थर अंघोळीच्या पाण्यासारखा कढत. ओल्या हिरव्या पाल्याचा ढीग असा आतून तापतो. वरचं सगळं उपसून वर्तमानपत्रावर पसरलं आणि गांडुळं चमच्यानं उचलून परत ठेवली. निम्मी वाचली. आता निर्माल्य आठ दिवस वेगळ्या बादलीत मुरवते, मग मूठ-मूठ देते. कुंकवाची फुलं बाजूला काढते.

एप्रिल-मेमध्ये डबा सावलीत आणि वर ओलं गोणपाट. पस्तीसच्या पुढं आतलं तापमान गेलं की आयसेनिया टिकत नाही. मधूनच जाड करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, अपायकारक नाहीत. पण खाणं जास्त होतंय ही त्यांची वर्दी समजा.

अडीच-तीन महिन्यांनी चहापत्तीसारखा काळा माल दिसेल. तो उन्हात नव्हे, पण उजेडात, कागदावर लहान ढीग करून ठेवा. गांडुळं उजेडाला भिऊन तळाशी जातात, वरचं खत हळूहळू काढून घ्या. साबुदाण्याएवढे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर दाणे सापडले तर फेकू नका. ते कोश असतात, एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात. डब्यात परत टाका.