पौलाने कैसराजवळ दाद मागितली ते चुकलं का?

ख्रिस्तात प्रिय,

सलाम. तुझं पत्र मिळालं. कैदेतल्या पौलाने, ख्रिस्ताच्या त्या प्रेषिताने, कैसराजवळ (रोमी सम्राटाजवळ) दाद मागितली नसती तर त्याला सोडता आलं असतं, असं अग्रिप्पा राजा रोमी सुभेदार फेस्ताला सांगतो (बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 26:32), आणि तिथेच तू अडकलास. पौलाने उतावीळपणा केला का? माझ्या मते मुळीच नाही. पण मी म्हणतो म्हणून मानू नकोस. यहुदी पुढाऱ्यांनी पौलावर भरलेला खटला चोविसाव्या अध्यायापासून सलग वाच आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या हातात काय होतं ते बघत जा.

फेलिक्स सुभेदाराने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल लांबणीवर टाकला. पौलाला तो वरचेवर बोलावून घेई. येणाऱ्या न्यायाबद्दल ऐकून एकदा घाबरलाही, तरी पैसे मिळतील ही आशा काही सुटेना. अशी दोन वर्षं गेली. जाताना यहुदी पुढाऱ्यांची मर्जी राखायला तो पौलाला कैदेतच ठेवून गेला. (पुढारी, सगळा समाज नव्हे. पौल स्वतः यहुदी होता, हे रविवारी मुलांच्या गटात जरूर सांग.)

त्याच्या जागी आलेला फेस्त नवा होता. कारभार हाती घेऊन तीन दिवस होताच तो यरुशलेमेला गेला. पौलाला इकडे पाठवा, अशी पुढाऱ्यांनी गळ घातली. वाटेतच त्याला मारायचा बेत होता. मग कैसरीया शहरात न्यायासनावर बसून फेस्त पौलाला विचारतो, यरुशलेमेला येतोस का? 25:9 मधल्या या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. त्या घटकेला पौलासमोर सुटका नव्हतीच. एका बाजूला दबा धरून बसलेली माणसं, दुसऱ्या बाजूला रोम. तो जन्माने रोमी नागरिक होता, तो हक्क त्याने वापरला. शिवाय रोममध्येही तुला साक्ष द्यायची आहे, असं प्रभूने त्याला आधीच सांगितलं होतं (23:11). विश्वासणाऱ्याने कायद्याचा आधार घेऊ नये, असं काही जण शिकवतात. हा अध्याय त्यांनी नीट वाचावा असं मला फार वाटतं.

आता तो दरबार. अग्रिप्पा, त्याची बहीण बर्णीका, सरदार, शहरातली बडी मंडळी, सगळा थाटमाट. आणि समोर बेड्यांतला पौल. हा खटला नव्हता. कैदी तर पाठवायचा, पण कैसराला आरोप काय लिहायचा हे फेस्ताला सुचत नव्हतं, म्हणून ही बैठक. याच अग्रिप्पाच्या बापाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं होतं (12:2). त्या बापाच्या या मुलापुढे पौल हात पुढे करून बोलतो. तुला वेड लागलंय, असं फेस्त ओरडतो तरी डगमगत नाही. आणि ऐकणाऱ्या सगळ्यांनी आपल्यासारखं व्हावं अशी इच्छा धरतो, फक्त या बेड्या सोडून. ज्यांनी त्याला डांबलं त्यांच्यासाठी हे मागणं! या वचनाशी मी दर वेळी थांबतो.

यानंतर 32 वं वचन परत वाच. अग्रिप्पा हे म्हणतो तेव्हा प्रकरण कैसराकडे गेलेलं आहे. आता असं म्हणायला त्याला काहीच मोजावं लागत नाही. मरणाजोगं याने काही केलं नाही हे फेस्तालाही दिसलं होतं, तो स्वतःच तसं बोलतो (25:25). फेलिक्साकडे तर दोन वर्षं होती.

म्हणून रविवारी सव्विसाव्या अध्यायापासून सुरू करू नकोस. आधी 24:27 मोठ्याने वाचायला लाव आणि विचार, त्या दिवशी पौलाला सोडायला नेमकी अडचण काय होती? मुलं काय म्हणतात ते मला कळव.

तुझा,
काका