दुकानाच्या पाटीसाठी ‘मोदक’ फॉन्ट कसा आहे? पदार्थांची यादीही त्यातच छापली तर चालेल का?

दुकानाच्या नावाला बिनधास्त वापरा. पत्ता, पदार्थ आणि दर मात्र त्यात लिहू नका.

‘मोदक’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो केला आहे. वाचता येण्याची हद्द न ओलांडता देवनागरी अक्षर किती जाड होऊ शकतं, हे त्यात ताणून पाहिलंय. अक्षराच्या पोटातली पोकळी कमी करत करत नुसत्या नागमोडी फटी ठेवल्या आहेत. नेहमीच्या फॉन्टमध्ये आपण काळी रेघ वाचतो, इथे पांढरी फट वाचायची. अक्षर लहान केलं की पहिल्या बुजतात त्या याच फटी. मग ‘वडा’ की ‘बडा’ हे गिऱ्हाइकाने अंदाजाने ठरवायचं.

रोमन अक्षरं इतकी फुगवणं त्या मानाने सोपं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, आणि मध्येच ‘ष्ट्र’सारखं जोडाक्षर. नाटकाचं नाव हाताने काढणाऱ्याला तेवढ्या चार-पाच अक्षरांचीच तजवीज करायची असते. अडलं तर एखादा उकार जरा वाकवला की झालं. फॉन्टच्या बाबतीत कोण काय टाइप करील याचा नेम नाही, त्यामुळे प्रत्येक जोडीची सोय आधीच करून ठेवावी लागते. मला या फॉन्टचं कौतुक आहे ते यासाठी, गोंडस दिसतो म्हणून नव्हे.

पाटी करणाऱ्याला दोन गोष्टी बजावा. बोल्डचं बटण दाबायचं नाही आणि अक्षरांभोवती बॉर्डर द्यायची नाही. दोन्हींत फटी भरतात. (‘मोदक’ एकाच जाडीत येतो, त्यामुळे ते बटण अक्षर नुसतं कृत्रिमपणे फुगवतं.) दिव्याची पाटी असेल आणि गडद जमिनीवर अक्षरं उजळ असतील, तर उजेड पसरून तोच घोटाळा होतो. नमुना रात्री, रस्त्याच्या पलीकडून बघा.

यादीसाठी ‘एक टाइप’चाच ‘मुक्ता’ घ्या. सात जाडींत मिळतो आणि बारीक अक्षरातही स्वच्छ वाचता येतो. गुबगुबीतपणा थोडा हवाच असेल तर ‘बलू २’. बालवाडी, मिठाई, मुलांची पुस्तकं, गणेशोत्सवाचा फ्लेक्स इथे ‘मोदक’ शोभतो. वकिलाच्या पाटीवर नको.

पैशांचं म्हणाल तर तो गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे. परवाना खुला असल्याने धंद्यासाठीही चालतो, फक्त तो फॉन्ट नुसताच विकता येत नाही. डीटीपीवाला जुन्या, युनिकोड (संगणकावर अक्षरं साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करत असेल तर मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागेल. आणि जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटली किंवा वेलांटी भलतीकडे गेली, तर दोष फॉन्टचा नसतो. टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडायला सांगा.