हैती: गोरे गेले, मग भेद कुणी राखला?

प्रश्न: 1804 साली हैतीतल्या गुलामांनी फ्रेंचांना हाकलून स्वतःचं राज्य उभं केलं, हे शाळेत शिकलो. पण त्यानंतरही तिथे 'उजळ' आणि 'काळे' असा भेद टिकला, असं नुकतंच वाचनात आलं. गोरे निघून गेल्यावर हा भेद आला कुठून? तो आपल्या जातीसारखा होता का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: तुमचं पत्र वाचताना मला मॉन्ट्रियलमधल्या एका आजी आठवल्या. मी लेकीकडे राहायला गेले की खालच्या मजल्यावरच्या या हैतीच्या आजींकडे माझी दुपार जायची. एकदा त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून आपला जन्माचा दाखला काढला. घड्यांवर विरत आलेला कागद, आणि त्यावर एक फ्रेंच शब्द: 'पेइझां'. म्हणजे शेतकरी, खेड्यातला माणूस. "मला अजून रडताही येत नव्हतं, तेव्हाच हे लिहिलं," आजी म्हणाल्या आणि त्या शब्दावरून बोट फिरवत राहिल्या. खेड्यातल्या बाळांच्या दाखल्यावर हा शब्द घालायची पद्धत 1990च्या दशकापर्यंत चालू होती.

भेदाचं मूळ फ्रेंच वसाहतीतच आहे. तिथे सुमारे 5 लाख गुलाम होते, 30 हजारांच्या आसपास गोरे, आणि जवळजवळ तितकेच मुक्त 'मिश्रवर्णी' लोक. यांतले पुष्कळसे फ्रेंच मळेवाला बाप आणि आफ्रिकी आई यांची मुलं. गोरे त्यांचा पदोपदी अपमान करत, पण त्यांच्याकडे कॉफीचे मळे होते आणि गुलामही होते. त्यामुळे स्वातंत्र्य आलं तेव्हा दोन तऱ्हेचे स्वतंत्र लोक होते: घरदार, शिक्षण असलेले 'जुने मुक्त' आणि रिकाम्या हातांचे 'नवे मुक्त'.

स्वातंत्र्यानंतर देशाची सूत्रं हाती घेतलेल्या देसालिनला हे कळत होतं. त्याच्या 1805च्या संविधानात एक कलम आहे: यापुढे सर्व हैतीवासीयांना 'काळे' याच नावाने ओळखावं. तिथे नागरिक झालेले पोलिश आणि जर्मनसुद्धा त्यात आले. हे कलम मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. पण कातडीचं नाव बदललं तरी सातबारा कुणाचा, हा प्रश्न उरतोच. पळालेल्या गोऱ्यांचे मळे 'आमच्या बापाचे' म्हणत मिश्रवर्णी वारस पुढे आले. देसालिनने कागद तपासायला लावले. ज्यांचे बाप आफ्रिकेत राहिले त्यांना काहीच मिळायचं नाही का, असं तो विचारू लागला. 17 ऑक्टोबर 1806 रोजी, आज राजधानी असलेल्या पोर्तोप्रिंसजवळ, पाँ-रूज इथे त्याला दबा धरून मारलं. हे सगळं उजळ लोकांचं कारस्थान, असं समजू नका. कटात काळे सेनानीही होते, त्यांनाही मळे हवे होते.

पुढे उत्तरेत सेनानी क्रिस्तोफ, दक्षिणेत सेनानी पेतियों यांची राज्यं अशी देशाची फाळणी झाली. पेतियोंने जमिनी वाटल्या आणि हळूहळू मोठे मळे फुटून लहान शेतं झाली. मग वरच्या वर्गाने बंदरं धरली: कॉफीचा व्यापार, जकात, सरकारी हुद्दे. 1825 साली पेतियोंनंतरचा राष्ट्राध्यक्ष बोये याने मळेवाल्यांच्या भरपाईपोटी फ्रान्सला 15 कोटी फ्रँक द्यायचं कबूल केलं. नंतर ती रक्कम 9 कोटींवर आली. फेडायची कशातून? कॉफीवरच्या जकातीतून, म्हणजे शेतकऱ्याच्या घामातून. वर 1826च्या ग्रामीण कायद्याने त्याच शेतकऱ्याला जमिनीशी बांधून टाकलं.

1844 साली दक्षिणेत अकाऊ नावाच्या पुढाऱ्याच्या मागे शेतकरी भाले घेऊन उठले. त्या बंडाच्या नावावर एक म्हण सांगतात: 'नेग रिश से मिलात, मिलात पॉव से नेग.' श्रीमंत काळा तो मिश्रवर्णी, गरीब मिश्रवर्णी तो काळा. जातीबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर या म्हणीत आहे. आपल्याकडे पैसा आला तरी जात हलत नाही. तिथे पैशाने माणूस पलीकडे जाऊ शकत होता. पण उजळ रंग, फ्रेंच भाषा आणि शहरातलं घर बहुतेक एकाच उंबरठ्याआत नांदत.

बंड शमल्यावर राज्यकर्त्यांनी युक्ती काढली. एखादा म्हातारा काळा सेनानी राष्ट्राध्यक्ष करायचा आणि कारभार मागून आपण हाकायचा. तिथे याला 'दुब्लूर' म्हणतात. या फ्रेंच शब्दाचा अर्थ कापडाचं अस्तर, आणि नाटकातला बदली नटही. 1847 साली सुलूक नावाच्या सेनानीला असंच बसवलं, पण तो कुणाला बधला नाही, दोन वर्षांत सम्राटच झाला. पुढे 1957 साली राष्ट्राध्यक्ष दुवालिए काळ्या बहुजनांचं नाव घेत आला आणि त्याच्या बंदूकधाऱ्यांनी त्याच बहुजनांना छळलं. गादीवरच्या माणसाचा रंग बदलला म्हणून आजींच्या गावात काही पोचलं नाही. सगळे बोलतात त्या क्रिओलला राजभाषेचा मान मिळायला 1987 उजाडावं लागलं.

आजी स्वतःला 'मून आंदेयो' म्हणायच्या, म्हणजे बाहेरची माणसं. "कशाच्या बाहेरची?" मी विचारलं. त्यांनी टेबलावर बोटाने एक गोल काढला, "हे पोर्तोप्रिंस," म्हणाल्या, आणि साखरेचा डबा उचलून गोलाच्या बराच पलीकडे ठेवला.