पहिल्या कार्यक्रमाला हायडन घ्या

तुमच्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशी चौकडी) पहिल्याच कार्यक्रमात संगीतकार बेटोफनच्या अखेरच्या, अवघड क्वार्टेट्सना, म्हणजे अशा चौकडीसाठीच्या रचनांना, हात घालू नका. संगीतकार हायडनचं ओपस (रचना-क्रमांक) ३३, क्रमांक २ घ्या, १७८१ मधलं. शेवटी मुख्य धून तुकड्यातुकड्यांनी येते, मध्ये लांब विराम. लोक संपलं समजून टाळ्या वाजवतात आणि तुम्ही पुन्हा सुरू! ही गंमत आधी फोडू नका. विरामात चौघांनीही मनात मात्रा मोजा, गज खाली घेऊ नका. शेवटचा तुकडा अगदी हळू आवाजात, मग तसेच बसून राहा.

निवेदनात संगीतकाराचं चरित्र नको, कोणी ऐकत नाही. त्याऐवजी व्हायोलावाल्याला त्याची ओळ एकट्याने वाजवू द्या, मग चौघं मिळून तोच भाग. खुर्च्या जमल्यास तुमच्याभोवती गोल मांडा. रचनेच्या दोन भागांमध्ये, जिथे टाळ्यांचा रिवाज नाही, टाळ्या पडल्या तर खुशाल हसून मान डोलवा. नाकं मुरडणारे जाणकार तसेही पुढच्या वेळी येतातच.