दम आहे, मग झपाटा कुठे गेला?

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

रोज पहाटे आठ किलोमीटर धावतोस, दम भरपूर आहे, तरी कबड्डीत बोनस मारून परतताना मध्यरेषेच्या हातभर अलीकडे पकडला जातोस, असं तू लिहिलंस. आधी ते आठ किलोमीटर कमी कर.

मांडीच्या स्नायूत ढोबळमानाने तीन जातींचे तंतू असतात. टाइप वन मंद, पण लवकर न थकणारे. टू-ए जलद आणि बऱ्यापैकी टिकाऊ. टू-एक्स सर्वांत जलद, आणि थकतातही सर्वांत आधी. मज्जासंस्था त्यांना ठरलेल्या क्रमाने कामाला लावते: आधी मंद, आणि जोर वाढेल तसे जलद. संथ धावण्यात जलद तंतूंना फारसं बोलावणंच येत नाही. तुझा सगळा सराव मंद तंतूंचाच होतोय, आणि संध्याकाळी मैदानात उतरतोस तेव्हा पाय आधीच जड असतात.

आपल्यात जलद तंतू किती टक्के, हे विचारलंस. ते नीट कळायला मांडीत सुई घालून स्नायूचा तुकडा काढावा लागतो. त्या फंदात पडू नकोस. मंद आणि जलद यांचं प्रमाण बरंचसं जन्मजात असतं, सरावाने फार हलत नाही. सरावाने टू-एक्स तंतू टू-ए प्रकाराकडे झुकतात, जलद तंतू जाड होतात आणि त्यांना झटकन कामाला लावायची सवय जडते. तुझ्या हातात आहे ते एवढं, आणि ते पुष्कळ आहे.

आता मैदान बघ. पुरुषांच्या कबड्डीत मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटर, बोनस रेषा त्यापुढे 1 मीटर. म्हणजे परतीची धाव पाच मीटरच्या आत, सगळा निकाल पहिल्या दोन-तीन पावलांत. या झपाट्याचं इंधन म्हणजे स्नायूतलं क्रिएटिन फॉस्फेट. पूर्ण जोर लावला तर काही सेकंदांत ते ओसरतं. निम्मं भरायला साधारण अर्धा मिनिट, जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात.

म्हणून आठवड्यातून दोन दिवस, ताजा असताना, असं कर. पंधरा मिनिटं अंग गरम कर, शेवटी तीन धावा वाढत्या वेगाने. मग 10 मीटरच्या सहा धावा, पूर्ण जोराने. त्यातल्या तीन बोनसच्या पवित्र्यातून वळून. प्रत्येकीनंतर दीड-दोन मिनिटं चालत राहा. मोबाइलवर चित्रण करून वेळ मोज. पहिली 1.80 सेकंदांची आणि चौथी 1.90 ची आली, तर तिथेच थांब. मुलं इथेच चुकतात: विश्रांती म्हणजे आळस समजून वीस धावा काढतात, आणि शेवटच्या दहा धावांत फक्त थकायचा सराव होतो.

त्यानंतर जागेवरून लांब उडी, तीनच्या चार फेऱ्या. बैठकीचं तंत्र प्रशिक्षकाने पास केलं असेल तरच खांद्यावर वजनाचा बार घे: चार-पाच बैठका, चार फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं, आणि शेवटच्या बैठकीनंतरही आणखी दोन निघतील इतकंच वजन. खाली सावकाश जा, वर येताना जमेल तितक्या झटक्याने ये. बार वजनामुळे हळू सरकला तरी चालेल. जोर वेगाचाच लावायचा.

मांडीचा मागचा स्नायू जपायला हवा, पूर्ण वेगात तोच ताणला जातो. गुडघ्यांवर बसून, घोटे जोडीदाराने धरून, पुढे सावकाश कलत जा: सुरुवातीला पाचच्या दोन फेऱ्या, तेही सामन्याच्या आदल्या दिवशी नाही, कारण दोन दिवस दुखतं.

धावणं पूर्ण बंद करू नकोस. दोन चढायांच्या मधे ते इंधन भरून काढायला ऑक्सिजनच लागतो. आठवड्यात दोनदा, बोलता येईल अशा वेगाने पंचवीस मिनिटं, जोराच्या सरावाच्या दिवशी नाही.

सहा आठवडे पहिल्या धावेची वेळ वहीत लिही आणि ती वही मला पाठव.

तुझा,
मार्गदर्शक