12 मुलं, 45 पानं

प्रिय चिनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न पोचला. पिहूच्या तिसऱ्या वाढदिवसाला नाशिकच्या आजीने मुलं बोलावली 12 आणि आचाऱ्याला स्वयंपाक सांगितला 45 माणसांचा, असं का? इकडे इंग्लंडात रेडिंगला तुला येणाऱ्या आमंत्रणावर 'दुपारी 3 ते 5' असं लिहिलेलंच असतं. मी तुला दारात सोडते आणि 5 वाजता न्यायला येते. त्या मानाने आजीचा हिशेब तुला चुकलेला वाटणारच. तो चुकलेला नाही.

नाशिकला तीन वर्षांचं मूल एकटं येत नाही. सोबत आई येते, दादा किंवा ताई येते, बाबा कामावरून परस्पर येतात, आणि निम्म्या घरांतली आजीही येते, कारण तिला आपल्या आजीशी गप्पा मारायच्या असतात. शिवाय ज्यांच्याकडे लहान मूल नाही असे शेजारी. आजीने फोनवर 'सगळे या हं' एवढंच सांगितलं असणार. साडेसातला आलेल्या माणसाला केकचा तुकडा आणि चार वेफर्स देऊन वाटेला लावायचं तिच्याच्याने होणार नाही. 'घरी जाऊन त्या बाईने परत कुकर लावायचा का?' असं ती विचारेल, आणि मला तिचं पटतं.

मला काळजी वेगळीच आहे. मोठ्यांच्या जेवणाच्या नादात पिल्लांची उपासमार होते. पाहुणे जमेपर्यंत केक थांबतो, तोवर मुलं वेफर्स खात बसतात, आणि पानं वाढायच्या वेळी निम्मी मुलं आईच्या खांद्यावर झोपलेली असतात. म्हणून आजीला माझा निरोप सांग: मुलांना साडेपाचला बोलवा आणि आल्या आल्या खायला घाला. मग औक्षण, मग केक. आधी केक दिलात तर कोणी दुसऱ्या कशाला तोंड लावणार नाही.

मुलांसाठी आचारी नकोच. मामीच्या आप्पेपात्रात एका वेळी 12 आप्पे होतात. प्रत्येकी 3 धरले तर तीन घाण्यांत काम झालं. छोट्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी मोठ्यांच्या स्वयंपाकातलीच चालेल, फक्त हिरवी मिरची पडायच्या आत मुलांपुरते बटाटे काढून वेगळी फोडणी द्यायला सांग. काकडी सोलून लांबट फोडी कर.

आता द्राक्षं. मार्चअखेर आहे, आबा पेटीभर आणतीलच. ती मुलांना अख्खी द्यायची नाहीत. अख्खं द्राक्ष गोल आणि बुळबुळीत असतं, लहान मुलाच्या श्वासनळीत नेमकं अडकतं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी प्रत्येक द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करायचे. हे काम तुझं. नाशिकमध्ये द्राक्ष चिरणारा माणूस पाहून मामा भरपूर हसेल, त्याला हसू दे. अख्ख्या शेंगदाण्यांचंही तसंच, म्हणून कोंडाजीचा चिवडा उंच टेबलावर, मोठ्यांच्या बाजूला. पॉपकॉर्न तर आणूच नका.

इकडे आमंत्रणाला होकार देतानाच कुठली ॲलर्जी आहे ते कळवतात. तिकडे सहसा कोणी विचारत नाही आणि आपण विचारलं तर लोकांना जरा अवघडल्यासारखं होतं. मामीला सांग, सहज बोलता बोलता विचार, 'बाळाला काही बाधत नाही ना? शेंगदाणे, दूध, अंडं?' केक बिनअंड्याचाच येईल, त्यात सुका मेवा आहे का ते मात्र दुकानात विचारून घ्या. दीड किलो पुरे. मुलं वरचं क्रीम चाटतात आणि बाकीचं आईच्या हातात देतात.

पिण्यासाठी पन्हं. चैत्रात नाही करायचं तर कधी? कैऱ्या उकडून गर काढायचा, एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. हे आदल्या दिवशी करून ठेवलं की आयत्या वेळी गार पाणी घालायचं तेवढं उरतं. मुलांना छोट्या पेल्यात आणि अर्धाच पेला, कारण उरलेला अर्धा गच्चीवर सांडणार असतो. बाजारातला बर्फ नको, तो कुठल्या पाण्याचा असतो कोण जाणे. उकळून गार केलेल्या पाण्याचे खडे घरीच करा. मामा कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या आणेल, त्या दिसणार नाहीत अशा ठेव.

मोठ्यांचं आजीने ठरवलंय ते उत्तम आहे: पुरी-भाजी, मसालेभात, मठ्ठा, जिलेबी. मामा मिसळीचा हट्ट धरेल. काळ्या मसाल्याचा तो रस्सा सकाळी कितीही छान लागला, तरी रात्री सत्तरीच्या पाहुण्यांना नको. मोठी माणसं 33 धरून अंदाज असा: तांदूळ अडीच किलो, जिलेबी साडेतीन किलो, मठ्ठा 10 लिटर. मठ्ठा जास्त वाटेल, पण उन्हाळ्यात सगळे दुसऱ्यांदा मागतात. रविवार धरलाय तो बरा, पण त्या दिवशी चतुर्थी किंवा एकादशी नाही ना, एवढं कॅलेंडरात बघ. आजीने आधीच बघितलं असेल. असलीच तर उपासाच्या दोघातिघांना साबुदाण्याची खिचडी लागेल.

वाढायला तू उभा राहा. जिलेबीचा आग्रह आजोबा-आजींना खुशाल कर, ते दोनदा 'नको' म्हणून तिसऱ्यांदा घेतातच. लहान मुलांना अजिबात करू नकोस. भूक लागली की ती स्वतःच मागतात.

मसालेभात या उकाड्यात सकाळपर्यंत टिकणार नाही, उरला तर रात्रीच शेजारी वाटून टाका. जिलेबी टिकते, आबांना ती दुसऱ्या दिवशी दुधात लागते. आणि कामाच्या मावशींचा डबा उरल्यासुरल्यातून नाही, पानं मांडायच्या आधी भरायचा. आजी भरतेच, पण त्या दिवशी तिच्यामागे शंभर कामं असतील, म्हणून तू लक्षात ठेव.

तुझी,
आई